डिझेल इंधन अंतःक्षेपण पंपाची दुरुस्ती

डिझेल इंधन अंतःक्षेपण पंप हा डिझेल इंजिनाच्या सिलिंडरात नेमक्या क्षणी, नेमक्या मात्रेत आणि उच्च दाबाने इंधन पोहोचवणारा घटक आहे. कारागिरांच्या बोलीत त्याला ‘डिझेल पंप’ किंवा ‘एफआय पंप’ म्हणतात. हा पंप बिघडल्यास इंजिन सुरू होत नाही, त्याची शक्ती कमी होते, धूर वाढतो किंवा क्वचित इंजिन अनियंत्रित वेगाने फिरू लागते. पंप दुरुस्त करावा की बदलावा, हा निर्णय तीन गोष्टींवर अवलंबून असतो : कोणता भाग किती झिजला आहे, त्याचे योग्य सुटे भाग मिळतात का आणि दुरुस्तीनंतर पंपाचे अंशशोधन करण्याची सोय आहे का. मात्र बिघाडाचे मूळ कारण, जे बहुधा इंधनातील धूळ किंवा पाणी असते, दूर केले नाही तर दुरुस्त केलेला पंप आणि नवा पंप दोन्ही पुन्हा त्याच रीतीने बिघडतात.

हा लेख मुख्यतः ट्रॅक्टर, शेतीपंप आणि लहान जनित्रे यांवरील यांत्रिक पंपांविषयी आहे. अशा यंत्रांचा नित्य वापर होणारा प्रदेश म्हणून नागपूर जिल्ह्यातील कळमेश्वर तालुक्याचे उदाहरण घेतले आहे.

इतिहास

जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल याने १८९२ मध्ये आपल्या इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे त्याच्या इंजिनाची यशस्वी चाचणी झाली. सुरुवातीच्या इंजिनांत इंधन संपीडित हवेच्या जोराने सिलिंडरात फवारले जाई. त्यासाठी अवजड संपीडक लागत असल्यामुळे डिझेल इंजिन दीर्घकाळ कारखाने व जहाजे यांपुरतेच मर्यादित राहिले. श्टुटगार्ट येथील रॉबर्ट बॉश याच्या कंपनीने १९२२ मध्ये इंधन थेट दाबणाऱ्या पंपाच्या विकासाचे काम हाती घेतले आणि १९२७ मध्ये त्याचे नियमित उत्पादन सुरू केले. या लहान व अचूक पंपामुळे डिझेल इंजिन मालमोटार, ट्रॅक्टर आणि शेतीच्या कामासाठी वापरणे शक्य झाले.

भारतात १९५१ मध्ये बंगळूर येथे मोटर इंडस्ट्रीज कंपनी (मायको) स्थापन झाली. तिचे नाव २००८ मध्ये बॉश लिमिटेड असे झाले, तरी ग्रामीण महाराष्ट्रात आजही ‘मायकोचा पंप’ हाच शब्दप्रयोग रूढ आहे. या कंपनीच्या नाशिक येथील कारखान्यात नोझल व इंजेक्टर तयार होतात. शेतीसाठी लागणाऱ्या लहान डिझेल इंजिनांच्या निर्मितीत १९४६ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या पुण्यातील कंपनीचा मोठा वाटा आहे. नागपूरजवळील हिंगणा औद्योगिक वसाहतीत महिंद्रा कंपनीचा ट्रॅक्टर कारखाना आहे.

रचना व कार्य

पंपाचा गाभा म्हणजे प्लंजर आणि बॅरल यांची जोडी. कारागीर या जोडीला ‘एलिमेंट’ म्हणतात. प्लंजर हा कठीण पोलादाचा गुळगुळीत दंड असून तो बॅरल या नळकांड्यात वरखाली सरकतो. दोहोंमधील फट दोन ते चार मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन ते चार पट असते. माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून या अचूकतेची कल्पना येते. एवढ्या बारीक फटीत रबरी कडी किंवा अन्य बंधक नसतो. धातूचा तंतोतंत मेळ हाच येथे गळती थोपवतो आणि फटीतील डिझेल हेच वंगण म्हणून काम करते.

कॅमच्या रेट्याने प्लंजर वर सरकताना बॅरलच्या भिंतीतील छिद्र झाकतो. त्या क्षणापासून अडकलेल्या इंधनाचा दाब वाढतो, वरची डिलिव्हरी व्हॉल्व्ह ही झडप उघडते आणि इंधन पोलादी नळीतून नोझलकडे जाते. प्लंजरच्या अंगावर तिरपी खाच कोरलेली असते. ही खाच छिद्रासमोर आली की दाब एकदम उतरतो आणि अंतःक्षेपण थांबते. ‘रॅक’ नावाची दांतेरी पट्टी प्लंजरला स्वतःभोवती थोडे फिरवते, त्यामुळे खाच छिद्रासमोर लवकर किंवा उशिरा येते आणि इंधनाची मात्रा कमीजास्त होते. रॅकचे नियंत्रण गतिनियंत्रक, म्हणजेच गव्हर्नर करतो. इंजिनावर भार वाढून वेग कमी होऊ लागला की तो इंधन वाढवतो आणि भार हलका झाला की कमी करतो.

डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद होताना नळीतील उरलेला दाब झटकन कमी करतो. त्यामुळे नोझल एकदम मिटते आणि तिच्या टोकातून थेंब गळत नाहीत.

या कामातील प्रमाणे अतिशय सूक्ष्म असतात. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत सर्रास आढळणारे किर्लोस्कर टीव्ही-१ हे एक सिलिंडरचे इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांवर ५.२ किलोवॉट शक्ती देते. चार धावांच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा इंधन सोडले जाते, म्हणून या इंजिनाचा पंप तासाला ४५,००० वेळा इंधन दाबतो. पूर्ण भारावर तासाला सुमारे १.३ किलोग्रॅम डिझेल लागते असे धरल्यास प्रत्येक वेळी सुमारे ३५ घन मिलिमीटर इंधन जाते. ही मात्रा पाण्याच्या एका थेंबापेक्षा कमी आहे. ती सुमारे २०० बार दाबावर, म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाच्या जवळपास शंभर पट दाबाने, सेकंदाच्या काही हजाराव्या भागात फवारली जाते. एवढ्या लहान मात्रेत थोडी गळती झाली तरी तिचा परिणाम इंजिनावर लगेच दिसतो.

एकेका सिलिंडरासाठी स्वतंत्र एलिमेंट असलेले पंप ओळीचे म्हणजे इनलाइन पंप म्हणून ओळखले जातात. एकाच दाबयंत्रणेतून सर्व सिलिंडरांना पाळीपाळीने इंधन वाटणाऱ्या पंपास रोटरी पंप म्हणतात. शेतीपंपावरील एक सिलिंडरच्या इंजिनात एकच एलिमेंट असलेला लहान पंप इंजिनाच्याच कॅमदंडावर बसवलेला असतो.

कळमेश्वर परिसरातील वापर

कळमेश्वर हे नागपूरच्या पश्चिमेस असलेले तालुक्याचे ठिकाण आहे. ते नागपूर–काटोल रस्त्यावर असून नागपूर–इटारसी लोहमार्गावर त्याचे रेल्वे स्थानक आहे. येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची औद्योगिक वसाहत आहे. काळ्या जमिनीत कापूस, सोयाबीन, तूर, गहू व हरभरा ही पिके घेतली जातात आणि परिसरात संत्र्याच्या बागा आहेत. त्यामुळे नांगरणी व वाहतुकीचे ट्रॅक्टर, मालमोटारी, कारखान्यांतील जनित्रे आणि वीज नसताना वापरले जाणारे डिझेल पंपसंच अशी विविध प्रकारची डिझेल इंजिने येथे शेजारी शेजारी आढळतात.

शेतीच्या वेळापत्रकामुळे या प्रदेशात पंपाच्या बिघाडाला विशेष महत्त्व येते. उन्हाळ्यात नांगरणी व वखरणी उरकून जूनमध्ये पाऊस पडताच पेरणी साधावी लागते. ओल टिकते तेवढ्या मोजक्या दिवसांत ट्रॅक्टर बंद राहिला तर पेरणी लांबते. संत्र्याच्या आंबिया बहारात हिवाळ्यात ताण दिल्यानंतर झाडे फुलतात आणि फळे लहान असतानाच उन्हाळा येतो. या काळात ओलिताचा खंड पडल्यास फळगळ होते. म्हणून दुरुस्तीचा खरा खर्च मोजताना सुट्या भागांची किंमत आणि मजुरी यांच्या जोडीला बंद पडलेल्या दिवसांचे नुकसानही धरावे लागते. घाईने केलेली, अंशशोधनाविना उरकलेली दुरुस्ती हंगामात दुसऱ्यांदा बिघडल्यास ती सर्वांत महाग ठरते.

हवामानाचाही परिणाम होतो. नागपूर परिसरात मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. तापलेले डिझेल पातळ होते आणि झिजलेल्या एलिमेंटच्या फटीतून अधिक गळते. त्यामुळे सकाळी नीट सुरू झालेले इंजिन दुपारी बंद केल्यावर लगेच पुन्हा सुरू होत नाही आणि थंड झाल्यावर मात्र चालते, असा अनुभव येतो. हे पंप झिजल्याचे एक नमुनेदार लक्षण आहे. मळणी, नांगरणी व कच्च्या रस्त्यांवरील वाहतुकीच्या वेळी उडणारी धूळ टाकीत किंवा उघड्या ड्रममध्ये गेल्यास झीज लवकर होते.

बिघाडाची कारणे

घन कण : धूळ, गंज व टाकीतील कीट गाळणीतून निसटल्यास प्लंजरवर उभे ओरखडे पडतात. काही मायक्रॉनच्या फटीत तेवढ्याच आकाराचा कण कानसेसारखे काम करतो.

पाणी : पाण्याला डिझेलसारखा वंगणगुण नसतो. ते फटीत शिरल्यास धातू धातूवर घासतो. इंजिन उभे असताना त्याच पाण्याने गंज चढून प्लंजर बॅरलमध्ये अडकतो.

भेसळ : डिझेलमध्ये रॉकेल मिसळल्यास इंधनाचा वंगणगुण घटतो आणि एलिमेंट व नोझल दोन्ही वेगाने झिजतात.

दीर्घकाळ न वापरणे : हंगामानंतर अनेक महिने उभ्या राहिलेल्या इंजिनात जुने इंधन चिकट होते. त्यामुळे रॅक किंवा प्लंजर जागच्या जागी घट्ट बसतात.

यांत्रिक झीज : स्प्रिंग तुटणे, कॅम व रोलर झिजणे, बेअरिंग सैल होणे, गतिनियंत्रकाचे सांधे ढिले होणे आणि रबरी सील कडक होणे, ही वयोमानानुसार येणारी कारणे होत.

चुकीची हाताळणी : शक्ती वाढवण्याच्या हेतूने पंपावरील मोहोर तोडून इंधनाची मर्यादा वाढवणे हेही बिघाडाचे कारण ठरते. असे केल्याने काळा धूर, इंधनाचा अपव्यय आणि अतिउष्णता वाढते व इंजिनाचा दट्ट्याही खराब होऊ शकतो.

लक्षणे आणि निदान

पंपाचे काम इंजिनाच्या इतर भागांशी जोडलेले असल्यामुळे दुसरीकडच्या दोषाचे खापर अनेकदा पंपावर फोडले जाते. म्हणून पंप उतरवण्यापूर्वी टाकीपासून सिलिंडरापर्यंतचा मार्ग क्रमाने तपासतात. टाकीत पुरेसे व स्वच्छ डिझेल आहे का, टाकीच्या झाकणाचे वायुछिद्र मोकळे आहे का, कॉक उघडा आहे का, गाळणी तुंबली आहे का, फीड पंप इंधन ओढतो का आणि सांध्यांतून हवा आत शिरते का, हे प्रथम पाहिले जाते. यानंतर नोझल बाहेर काढून हातपंपाच्या चाचणी यंत्रावर तिचा उघडण्याचा दाब व फवारा तपासतात. नोझल उत्तम असूनही दोष राहिला तरच पंपाकडे वळणे योग्य ठरते.

धुराच्या रंगावरून काही अंदाज बांधता येतो. काळा धूर इंधन जास्त किंवा हवा कमी असल्याचे दर्शवतो, तसेच गळकी नोझलही त्यास कारणीभूत असते. पांढरा धूर न जळलेल्या इंधनाचा असतो आणि तो टायमिंग उशिरा असल्याचे किंवा सिलिंडरात पुरेशी उष्णता निर्माण होत नसल्याचे सुचवतो. निळसर धूर वंगणतेल जळत असल्याचे चिन्ह आहे आणि त्याचा संबंध बहुधा पंपाशी नसतो. अंतःक्षेपण फार लवकर होत असल्यास इंजिन कर्कश ठोके देते.

पंपातील दोषाची ठळक लक्षणे पुढीलप्रमाणे आहेत : गरम इंजिन सुरू न होणे, भार येताच शक्ती ओसरणे, वेग सतत वरखाली होणे, एखाद्या सिलिंडराला इंधन न पोहोचणे आणि वंगणतेलाची पातळी आपोआप वाढणे. शेवटचे लक्षण गंभीर मानले जाते. झिजलेल्या एलिमेंटमधून झिरपलेले डिझेल वंगणतेलात मिसळून ते पातळ करते आणि त्यामुळे इंजिनाची बेअरिंगे धोक्यात येतात.

पंप उतरवणे

काम सुरू करण्यापूर्वी पंप, नळ्या व आजूबाजूचा भाग बाहेरून पूर्ण धुऊन काढतात, कारण सांधा उघडताच बाहेरची धूळ आत जाण्याची शक्यता असते. डिझेलचा कॉक बंद करून पंप व इंजिन यांवरील टायमिंगच्या खुणा शोधतात. खुणा अस्पष्ट असल्यास नव्या कोरून घेतात. पहिल्या सिलिंडराचा दट्ट्या संपीडन धावेच्या वरच्या टोकाजवळ आणून ठेवल्यास पुन्हा बसवणे सोपे जाते. नळ्या सोडताच पंप, नोझल व नळी यांची तोंडे स्वच्छ टोप्यांनी बंद करतात. चिंधी कोंबल्यास तिचे धागे आत जातात, म्हणून ते टाळले जाते.

एक सिलिंडरच्या इंजिनात पंपाच्या बैठकीखाली पातळ धातूच्या पट्ट्या म्हणजे शिम असतात. त्यांची संख्या व जाडी यांवर अंतःक्षेपणाचा क्षण ठरतो. शिम वाढवल्यास अंतःक्षेपण उशिरा होते आणि कमी केल्यास लवकर होते. पंप उतरवताना शिम मोजून वेगळ्या जपून ठेवणे हा या कामातील साधा परंतु सर्वाधिक दुर्लक्षिला जाणारा नियम आहे.

तपासणी

पंपाचे भाग स्वच्छ, गाळलेल्या डिझेलमध्ये धुतात. प्रत्येक प्लंजर त्याच्याच बॅरलसोबत ठेवला जातो. कारखान्यात ही जोडी एकमेकांशी घासून जुळवलेली असल्यामुळे एका जोडीतील प्लंजर दुसऱ्या बॅरलमध्ये बसवता येत नाही. डिलिव्हरी व्हॉल्व्ह व त्याची बैठक यांनाही हाच नियम लागू होतो. एक भाग खराब झाल्यास पूर्ण जोडी बदलतात.

स्वच्छ डिझेलने ओला केलेला प्लंजर काही अंतर बाहेर ओढून बॅरल तिरपे धरले असता तो स्वतःच्या वजनाने सावकाश, न अडखळता खाली सरकला पाहिजे. तो झटकन पडल्यास झीज जास्त आहे आणि अडकल्यास गंज, ओरखडा किंवा वाकडेपणा आहे, असे समजतात. तिरप्या खाचेच्या वरच्या भागात धूसर, निस्तेज पट्टा दिसणे हे घन कणांमुळे झालेल्या झिजेचे चिन्ह आहे. अशा प्लंजरला पॉलिश केल्यास फट उलट वाढते, म्हणून ती दुरुस्ती ठरत नाही. याशिवाय रॅकची मोकळी हालचाल, स्प्रिंगची उंची व तडे, कॅमचा पृष्ठभाग, रोलर, बेअरिंग आणि गतिनियंत्रकाची वजने तपासली जातात.

दुरुस्ती की बदल

दोष एलिमेंट, डिलिव्हरी व्हॉल्व्ह, स्प्रिंग, सील किंवा बेअरिंग एवढ्यापुरता मर्यादित असेल आणि मूळ दर्जाचे भाग मिळत असतील तर इनलाइन पंप दुरुस्त करणे सामान्यतः फायद्याचे असते. या पंपांची रचनाच भाग बदलून पुन्हा वापरता यावी अशी आहे. कळमेश्वरसारख्या ठिकाणी नागपूर जवळ असल्यामुळे इंजिन जागेवर ठेवून केवळ पंप तेथील चाचणी मंचापर्यंत नेणे शक्य होते.

पंपाच्या मुख्य कवचाला तडा गेला असेल, कॅमदंड किंवा बॅरलच्या बैठका खराब झाल्या असतील, गंज सर्वत्र पसरला असेल किंवा भागांची एकत्रित किंमत नव्या पंपाच्या जवळ जात असेल तर पंप बदलणे योग्य ठरते. रोटरी पंपात धातूचे कण आतल्या सर्व भागांत फिरतात. त्यामुळे त्याचा एक भाग मोडल्यास बहुधा पूर्ण पंप बदलावा लागतो.

बदली पंप निवडताना बाहेरील आकार जुळणे पुरेसे नसते. दिसण्यात सारख्या दोन पंपांत प्लंजरचा व्यास, कॅमची उंची, फिरण्याची दिशा किंवा गतिनियंत्रकाचा वेग वेगळा असू शकतो. म्हणून पंपावरील पट्टीवर कोरलेला संपूर्ण क्रमांक इंजिनाच्या माहितीपुस्तिकेशी ताडून पाहतात. वापरलेला पंप घेतल्यास त्याचे अंशशोधन करूनच तो बसवतात. बाजारात मूळ भागांसारखी वेष्टने असलेले नकली एलिमेंटही आढळतात. ते सुरुवातीला चालतात, परंतु फट व धातूचा कठीणपणा योग्य नसल्यामुळे लवकर झिजतात.

जुळणी व अंशशोधन

भाग बदलून पंप जोडल्यानंतर तो चाचणी मंचावर फिरवून त्याचे अंशशोधन करतात. या कामासाठी डिझेलऐवजी ठरावीक गुणधर्मांचे चाचणी तेल वापरतात आणि त्याचे तापमान कायम राखतात, कारण तेल तापले की मोजमाप बदलते. अंशशोधनाचे तीन मुख्य भाग आहेत.

पहिला भाग टप्पाजुळणीचा. बहुसिलिंडर पंपातील प्रत्येक एलिमेंटने समान अंतराने इंधन द्यावयास हवे. पंपाच्या एका फेरीत हे अंतर तीन सिलिंडरांसाठी १२० अंश, चारांसाठी ९० अंश आणि सहांसाठी ६० अंश असते. दुसरा भाग मात्राजुळणीचा. ठरावीक वेगाला व रॅकच्या ठरावीक स्थितीत प्रत्येक एलिमेंटचे तेल मोजनळ्यांत गोळा करून सर्वांची मात्रा निर्मात्याने दिलेल्या मर्यादेत आणतात. मात्रा असमान राहिल्यास एका सिलिंडरावर भार अधिक पडतो व इंजिन हादरते. तिसरा भाग गतिनियंत्रकाचा. निष्क्रिय वेग, कमाल वेग आणि इंधन तोडण्याचा बिंदू तपासून कमाल मर्यादेच्या स्क्रूला मोहोर लावतात.

अंशशोधनाविना केवळ नवा एलिमेंट बसवलेला बहुसिलिंडर पंप चालू शकतो, परंतु तो दुरुस्त झाला असे म्हणता येत नाही. एक सिलिंडरच्या पंपात टप्पाजुळणीचा प्रश्न येत नसला तरी मात्रा व रॅकची स्थिती तपासणे आवश्यक असते.

पंप बसवणे, टायमिंग व हवा काढणे

नवा किंवा दुरुस्त पंप बसवताना टायमिंग पुन्हा तपासावे लागते. लहान इंजिनांत यासाठी ‘स्पिल’ पद्धत वापरतात. डिलिव्हरी व्हॉल्व्ह व त्याची स्प्रिंग काढून त्या जागी बगळ्याच्या मानेसारखी वाकडी नळी लावतात आणि इंधन सोडतात. गतिपालचक्र म्हणजे फ्लायव्हील इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेने हळूहळू फिरवताना नळीतून येणारे डिझेल ज्या क्षणी थांबते, तो प्लंजरने छिद्र झाकल्याचा, म्हणजे अंतःक्षेपण सुरू होण्याचा क्षण असतो. त्या वेळी फ्लायव्हीलवरील खूण योग्य ठिकाणी असली पाहिजे.

वर उल्लेखिलेल्या टीव्ही-१ इंजिनात हा क्षण दट्ट्या वरच्या टोकाला पोहोचण्यापूर्वी २३ अंशांवर असतो. फ्लायव्हीलवर अंश कोरलेले नसतील तर परिघावरून अंतर काढतात. परीघ १,२०० मिलिमीटर असल्यास २३ अंश म्हणजे १,२०० × २३ ÷ ३६० = सुमारे ७७ मिलिमीटर. प्रत्येक इंजिनाचा अंश वेगळा असल्यामुळे तो त्या इंजिनाच्या माहितीपुस्तिकेतूनच घ्यावा लागतो.

यानंतर यंत्रणेतील हवा काढतात. डिझेल जवळजवळ दबत नाही, हवा मात्र दबते. त्यामुळे नळीत हवेचा बुडबुडा असल्यास प्लंजरची धाव तो दाबण्यातच खर्च होते आणि नोझल उघडत नाही. प्रथम गाळणीवरील व नंतर पंपावरील हवेचा स्क्रू सैल करून बुडबुडेरहित डिझेल येईपर्यंत हातपंप चालवतात. शेवटी नोझलकडील नळीची चाकी किंचित सैल ठेवून इंजिन फिरवतात आणि डिझेल आल्यावर ती घट्ट करतात. इंजिन सुरू झाल्यावर गळती, धूर, आवाज व भाराखालील वेग तपासला जातो.

कॉमन रेल यंत्रणा

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात वाहनांत कॉमन रेल यंत्रणा आली. तीत पंप केवळ उच्च दाब निर्माण करतो, इंधन एका सामाईक नळीत साठते आणि प्रत्येक इंजेक्टर संगणकाच्या आज्ञेने उघडतो. दाब हजार बारच्या बराच वर असतो. भारतात १ एप्रिल २०२० पासून नव्या वाहनांना भारत स्टेज-६ मानके लागू झाली. आधुनिक डिझेल वाहनांत ही यंत्रणा सर्वत्र आढळते.

या यंत्रणेत चालू इंजिनाची नळी सैल करून दोष शोधण्याची जुनी रीत जीवघेणी ठरू शकते. पंप आतून झिजून धातूचे कण सुटले असतील तर ते सामाईक नळी, इंजेक्टर व परतीच्या मार्गाने टाकीपर्यंत पोहोचतात. अशा वेळी केवळ पंप बदलून भागत नाही. पूर्ण मार्ग स्वच्छ करावा लागतो आणि खराब इंजेक्टर बदलून त्यांचे संकेतांक संगणकात नोंदवावे लागतात.

सुरक्षितता

नोझलचा फवारा त्वचेतून आत शिरू शकतो. बाहेरून जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते व सुरुवातीला फारशी दुखत नाही. आत मात्र डिझेल स्नायूंत पसरते आणि उपचारास उशीर झाल्यास बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. अशी इजा झाल्यास ती किरकोळ न समजता रुग्णास तातडीने शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे लागते आणि उच्च दाबाचे डिझेल आत गेल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे लागते. गळती शोधण्यासाठी बोटाऐवजी पुठ्ठ्याचा तुकडा वापरतात. नोझलची चाचणी घेताना फवाऱ्यासमोर हात नेत नाहीत.

रॅक पूर्ण इंधनाच्या स्थितीत अडकल्यास इंजिनाचा वेग अनियंत्रित वाढतो. इंजिन थांबवण्याच्या नेहमीच्या कळीने ते न थांबल्यास हवेच्या प्रवेशमार्गावर जाड फळी घट्ट धरून हवा तोडतात. हात किंवा कापड वापरल्यास ते आत ओढले जाण्याचा धोका असतो. दुरुस्तीनंतर प्रथम इंजिन सुरू करण्यापूर्वी रॅक मोकळा हलतो याची खात्री करणे म्हणूनच आवश्यक आहे. भाग धुण्यासाठी पेट्रोल वापरणे आगीच्या दृष्टीने धोकादायक असते. वापरलेले डिझेल विहीर, नाला किंवा शेतात ओतू नये.

प्रतिबंधक काळजी

पंपाचे आयुष्य मुख्यतः इंधनाच्या स्वच्छतेवर ठरते. डिझेल झाकणबंद, स्वच्छ भांड्यात साठवणे, ड्रम हलवल्यानंतर गाळ बसू देऊन वरचे डिझेल घेणे आणि बारीक जाळीच्या नरसाळ्यातून टाकी भरणे, हे साधे उपाय परिणामकारक ठरतात. दिवसाचे काम संपल्यावर टाकी भरून ठेवल्यास रिकाम्या जागेतील दमट हवेचे रात्री पाणी होण्याचे प्रमाण घटते. टाकीच्या व गाळणीच्या तळाचे पाणी ठरावीक काळाने काढतात आणि गाळणी माहितीपुस्तिकेतील तासांनुसार बदलतात. कागदी गाळणी धुऊन पुन्हा वापरल्यास तिची छिद्रे मोठी होतात किंवा ती फाटते. हंगामानंतर उभे राहणारे इंजिन अधूनमधून चालवल्यास रॅक व प्लंजर अडकत नाहीत.

महाराष्ट्रातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ‘मेकॅनिक डिझेल’ हा एक वर्षाचा व्यवसाय अभ्यासक्रम शिकवला जातो. इंधन यंत्रणेची देखभाल, पंप उतरवणे व बसवणे आणि हवा काढणे ही कौशल्ये त्यात समाविष्ट आहेत. एलिमेंट बदलणे व अंशशोधन ही कामे मात्र चाचणी मंच व धूळरहित जागा असलेल्या कार्यशाळेतच केली जावीत, असा सर्वसाधारण संकेत आहे.

हे सुद्धा पहा

डिझेल इंजिन
अंतर्ज्वलन इंजिन
ट्रॅक्टर
रुडॉल्फ डिझेल
कळमेश्वर तालुका